शंभरातले अठरा : बाबासाहेब आणि पहिलीचा वर्ग

बाबासाहेबांच्या पदव्या आपल्या वस्तीतल्या लहान पोरांनाही पाठ असतात. कोलंबिया, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, ग्रेज इन ही नावे जयंतीच्या प्रत्येक बॅनरवर असतात. आम्हाला आज त्यांच्या आयुष्याकडे दुसऱ्या टोकाने पाहायचे आहे, म्हणजे पहिलीच्या वर्गाकडून. कारण मूल शाळेत आले की शिक्षणाचा प्रश्न सुटला, असे मानणाऱ्यांत बाबासाहेब कधीच नव्हते. आलेले मूल टिकते की नाही, टिकून वाचायला शिकते की नाही, हे त्यांनी मोजले. आणि ते भर सभागृहात सरकारपुढे मांडले.

भीमराव १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत जन्मले. सुभेदार रामजी सकपाळ आणि भीमाबाई यांचे ते चौदावे अपत्य. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंबडवे गावचे. रामजींबद्दल आपण कबीरपंथी, शिस्तीचे आणि कडक वडील एवढेच सांगतो. पण रामजी हे शिकलेले शिक्षक होते. पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमधून त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले होते आणि चौदा वर्षे ते लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. कंपनीच्या फौजेत सैनिकांच्या मुलांना, आणि मुलींनाही, शिकवणे सक्तीचे होते. गावातल्या शाळेच्या पायरीवरही ज्यांना उभे राहू दिले जात नव्हते, त्या महार कुटुंबांत छावणीमुळे अक्षर पोहोचले. पुढे फौजेने महारांची भरतीच बंद केली आणि ती वाट बुजली. बाबासाहेबांनी आपल्या लिखाणात या गोष्टीची नोंद आवर्जून घेतली आहे. त्यांची बुद्धिमत्ता असामान्य होती यात शंकाच नाही, पण त्या बुद्धीला अगदी सुरुवातीच्या वर्षांत घरातच एक प्रशिक्षित शिक्षक मिळाला होता. त्यांच्या बरोबरीच्या किती मुलांच्या नशिबी तो होता?

रामजी निवृत्त झाल्यावर कुटुंब काही काळ दापोलीला राहिले आणि मग साताऱ्याला आले. तिथेच १८९६ च्या सुमारास भीमाबाई गेल्या आणि आत्या मीराबाईंनी मुलांना सांभाळले. साताऱ्याच्या शाळेत भीमरावांचे काय झाले ते त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवले आहे. त्या काळी वर्गात मुलांना त्यांच्या हुशारीच्या क्रमाने बसवत. भीमरावांना त्या क्रमात जागा नव्हती. ते एका कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर बसत. शाळा झाडणारा शिपाई त्या गोणपाटाला हात लावत नसे, म्हणून संध्याकाळी ते घरी न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आणायचे. तहान लागली तर गुरुजींची परवानगी काढायची आणि शिपायाने येऊन नळ सोडायचा. शिपाई जागेवर नसला तर पाणी नाही.

आम्ही हे वाचतो तेव्हा अपमान डोळ्यांपुढे येतो, आणि तो यायलाच हवा. पण शिक्षणाच्या अंगानेही याकडे बघा. सहा-सात वर्षांचे मूल वर्गात फळ्यावरच्या अक्षरांशिवाय आणखी काय शिकत होते? आपली जागा कोणती, आपला क्रम कशात धरला जात नाही, आपली तहान कोणाच्या हातात आहे, हा त्याचा पहिला धडा होता. असा धडा रोज गिरवणाऱ्या किती मुलांनी महिन्याभरात शाळा सोडली असेल याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, त्यांचे नाव इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल झाले. रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकासमोर भिवा रामजी आंबेडकर अशी नोंद आहे. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळायचे ठरवले. शासनाने पदवीचा दिवस न निवडता शाळाप्रवेशाचा निवडला, हे आम्हाला फार योग्य वाटते.

पुढचा प्रवास सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. रामजी घरी हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला करून घेत. मुंबईत डबक चाळीतल्या एका खोलीत ते मुलाला पहाटे दोनला उठवून अभ्यासाला बसवत. १९०७ साली मॅट्रिक, केळुस्कर गुरुजींनी दिलेले बुद्धचरित्र, सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती, १९१३ साली न्यूयॉर्क, मग लंडन. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’, २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा आणि लगेच १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला वसतिगृह. परदेशातून एवढे शिकून आलेल्या माणसाने पहिल्या कामांत वसतिगृह काढले, कारण शाळा असून उपयोग नाही, मूल शाळेजवळ राहिले पाहिजे, जेवले पाहिजे आणि त्याला संध्याकाळी दिवा मिळाला पाहिजे, हे त्यांनी भोगून जाणले होते.

आता १९२७ साल. बाबासाहेब मुंबई विधिमंडळाचे नामनियुक्त सदस्य झाले होते. १२ मार्च रोजी शिक्षणाच्या अनुदानावर चर्चा होती. आमच्या मते त्यांच्या शिक्षणविषयक भाषणांत हे सर्वांत महत्त्वाचे, आणि आपल्या कार्यक्रमांत ते फार कमी वेळा वाचले जाते. ते भाषण म्हणजे अर्थशास्त्रज्ञाचा हिशेब आहे. इलाख्यात दर माणशी शिक्षणावर चौदा आणे खर्च होतात आणि अबकारीतून, म्हणजे लोकांच्या दारूतून, दर माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल होतात, हे त्यांनी दाखवले. जेवढे दारूतून घेता तेवढे तरी शिक्षणावर घाला, अशी त्यांची मागणी होती. याच चालीने गेलो तर शाळेच्या वयाची सगळी मुले शाळेत यायला चाळीस वर्षे आणि सगळ्या मुली यायला तीनशे वर्षे लागतील, हेही त्यांनी सभागृहाच्या नजरेस आणले.

मग ते पहिलीच्या वर्गाकडे वळले. प्राथमिक शाळेत शिरलेले मूल कायमचे साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे, नाहीतर त्या शिक्षणाला अर्थ नाही, असे त्यांचे म्हणणे होते. प्रत्यक्षात शाळेत आलेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत अठराच पोहोचतात. उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात. म्हणजे सरकार ज्याला शिक्षणावरचा खर्च म्हणत होते, त्यातला मोठा भाग गळक्या घागरीत पडत होता. त्याच भाषणात, मुलांना सुट्या शिष्यवृत्त्या वाटण्यापेक्षा तोच पैसा वसतिगृहांवर लावा, अशी सूचना त्यांनी केली. प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांच्या ताब्यात देण्याच्या धोरणालाही त्यांनी विरोध केला. गावचा कारभार कोणाच्या हातात असतो, हे त्यांना पुरते माहीत होते.

या भाषणानंतर आठच दिवसांनी, २० मार्च १९२७ ला, बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळीने पाणी प्यायले. इतिहासाच्या पुस्तकांत या दोन घटना वेगवेगळ्या प्रकरणांत असतात. आम्हाला त्या एकाच आठवड्यातल्या वाटतात, कारण त्या तशाच आहेत. शिपायाने नळ सोडण्याची वाट पाहणारा मुलगा आणि विधिमंडळात आकडे मांडणारा सदस्य हा एकच माणूस होता.

१९२८ मध्ये त्यांनी सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने मुंबई इलाख्यातल्या अस्पृश्यांच्या शिक्षणावर स्वतंत्र निवेदन दिले. त्यात त्यांनी १८५६ सालची धारवाडची गोष्ट नोंदवली आहे. एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. सत्तर वर्षांपूर्वीच्या एका मुलाचा अर्ज त्यांनी कमिशनसमोर ठेवला. त्याच १९२८ मध्ये सरकारने स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य झाले आणि अस्पृश्य व आदिवासींची स्थिती पाहत इलाखाभर फिरले.

सायमन कमिशनला जोडून शिक्षणासाठी हार्टोग समिती होती. तिचा अहवाल १९२९ ला आला. त्यात देशभराचा आकडाही तोच निघाला. १९२२-२३ ला पहिलीत असलेल्या शंभर मुलांपैकी तीन वर्षांनी चौथीत अठराच होती. समितीने या प्रकाराला गळती आणि कुंठितता म्हटले, आणि शाळेतल्या सर्वांत खालच्या वर्गाकडे विशेष लक्ष द्यावे, चांगले शिक्षक द्यावेत, अशी शिफारस केली. ही शिफारस बरोबरच होती. एकच गुरुजी चार वर्ग सांभाळतो तेव्हा त्याचा वेळ मोठ्या मुलांकडे जातो आणि पहिलीची मुले पाटीवर रेघा ओढत बसतात. हे तेव्हाही होत होते, आजही होते.

पण त्याच अहवालाने आणखी एक विचार रुजवला. आधी गुणवत्ता, मग विस्तार. शाळा वाढवण्यापेक्षा आहेत त्या नीट करा. ऐकायला शहाणपणाचे वाटते, पण ज्यांच्या वस्तीत शाळा पोहोचलीच नव्हती त्यांच्यासाठी याचा अर्थ आणखी थांबा एवढाच होता. बाबासाहेबांच्या मांडणीत ही फट नव्हती. त्यांना पैसा जास्त हवा होता आणि मूल टिकायलाही हवे होते. एक घ्या आणि दुसरे सोडा, असा सौदा त्यांनी केला नाही.

हे आज सांगण्याचे कारण आहे. २०२१ पासून निपुण भारत अभियान सुरू आहे. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता आणि साधे गणित करता यावे, हे त्याचे उद्दिष्ट. राज्यात २०२२ मध्ये पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारीचे अभियान झाले. त्यात आईला सोबत घेऊन मुलाची तयारी करण्यावर भर होता. हे प्रयत्न चांगले आहेत आणि आमचा त्यांना पाठिंबा आहे. पण २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचारही याच राज्यात पुढे आला आणि त्याला ठिकठिकाणी विरोध झाला. सहा वर्षांच्या मुलाची शाळा पायी जाण्याच्या अंतराबाहेर गेली, तर अभियानाची रंगीत पुस्तिका त्याच्या काय कामाची? वाडी, तांडा आणि बौद्धवस्ती यांचा पट कमीच असणार. आपल्यातल्या शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनी बैठकीत एवढे तरी विचारावे, की पहिलीला स्वतंत्र शिक्षक आहे का, आणि गेल्या वर्षीच्या पहिलीतली किती मुले आज वाचू शकतात.

बाबासाहेबांच्या पुढच्या संस्था बहुतेक महाविद्यालये होती. ८ जुलै १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ, १९५० ला औरंगाबादला मिलिंद. यावरून काही अभ्यासक म्हणतात, की त्यांचा भर उच्च शिक्षणावर होता आणि प्राथमिक शिक्षण मागे पडले. आम्हाला हे अर्धवट वाटते. गावोगाव प्राथमिक शाळा चालवणे एका सोसायटीच्या आवाक्यातले काम नाही, ते सरकारचेच काम आहे, असेच १९२७ पासूनचे त्यांचे म्हणणे होते. वरच्या जागांवर आपली माणसे नसतील तर खालच्या वर्गाकडे कोणी बघणार नाही, हाही त्यामागे हिशेब होता. महात्मा फुल्यांना त्यांनी गुरू मानले, आणि फुल्यांनी १८८२ ला हंटर कमिशनपुढे सरकारचा पैसा उच्चवर्णीयांच्या उच्च शिक्षणाऐवजी प्राथमिक शाळांकडे वळवा, अशी मागणी केली होती. तो धागा त्यांनी सोडला नाही.

संविधानात तो कलम ४५ मध्ये आला. संविधान लागू झाल्यापासून दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्य करील, असे ते कलम होते. मार्गदर्शक तत्त्वांत अशी मुदत घातलेले दुसरे कलम नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले, तेव्हा त्या मुदतीची तीन वर्षे उरली होती. १९६० उलटून गेले. सहा ते चौदा वयाच्या मुलांना हा हक्क कायद्याने मिळायला १ एप्रिल २०१० उजाडावा लागला. त्याआधी २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम ४५ बदलले. आता त्यात सहा वर्षांखालील मुलांचे संगोपन आणि शिक्षण आहे, म्हणजे बालवाडी आणि अंगणवाडी, पहिलीच्या आधीची सगळी तयारी. ते कलम अजून मार्गदर्शक तत्त्वांतच आहे, मूलभूत हक्कांत नाही, आणि या वेळी त्यात मुदतही लिहिलेली नाही.