बडोद्याचे विद्यार्थी विनोबा



२५ मार्च १९१६ रोजी आपल्या बडोद्याच्या स्टेशनावरून बडोदे कॉलेजातील काही विद्यार्थी इंटरमीजिएटच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसले. त्यांपैकी विनायक नरहर भावे हा वीस वर्षांचा विद्यार्थी मुंबईस पोहोचलाच नाही. सुरतेस गाडी थांबताच तो खाली उतरला आणि काशीच्या वाटेस लागला. आपण परीक्षेऐवजी अन्यत्र जात आहोत, मात्र कोठेही गेलो तरी हातून गैर काही घडणार नाही, एवढे त्याने वडिलांना पत्राने कळविले होते. पुढे सारा देश ज्यांना आचार्य विनोबा भावे म्हणून ओळखू लागला, ते हेच.

परीक्षा टाकून निघून गेलेल्या विद्यार्थ्याचे चरित्र शाळेच्या वार्षिकात छापावे काय, असा प्रश्न एखाद्या पालकाच्या मनात येईल. त्यांनी निश्चिंत असावे. गणित हा या मुलाचा जिवाभावाचा विषय होता आणि बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयातील पुस्तकांचा त्याने फडशा पाडला होता. परंतु येथे सांगावयाची आहे ती त्यांच्या विद्वत्तेची कथा नव्हे. एकमेकांचे तोंड पाहावयास तयार नसलेल्या माणसांमध्ये जाऊन बसावे कसे आणि बोलावे कसे, ही विद्या त्यांनी जन्मभर अभ्यासिली, तिची ही हकीकत आहे.

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, गागोदे या खेड्यात झाला. वडील नरहरपंत बडोद्यास नोकरीला होते, म्हणून कुटुंब येथे आले. आई रुक्मिणीबाई मूळच्या कर्नाटकातल्या; त्यांच्या ओठी कानडी भजने असत. त्या फार शिकलेल्या नव्हत्या, पण विनोबांच्या पुढल्या सगळ्या शिकवणुकीचे मूळ या माउलीच्या स्वयंपाकघरात सापडते. एकदा दाराशी एक धडधाकट भिकारी आला आणि आईने त्याला भिक्षा घातली. अशा माणसाला दान देणे म्हणजे आळसाला खतपाणी घालणे होय, असा आक्षेप विनायकाने घेतला. गीतेतील पात्रापात्रतेचा विचारही पुढे केला. आईचे उत्तर साधे होते. कोण पात्र आणि कोण अपात्र हे ठरविणारे आपण कोण? दारी आलेल्याला देव मानावे आणि शक्तीप्रमाणे द्यावे. या उत्तराला तोड आपल्याला पुढेही सापडली नाही, हे विनोबांनी वार्धक्यातही कबूल केले.

असे असले तरी तो मुलगा स्वभावाने मऊ मुळीच नव्हता. वाणी तिखट, वृत्ती हट्टी, आणि वादात मागे हटणे ठाऊक नाही. मैलोन्‌मैल अनवाणी हिंडावे आणि मित्रांना जमवून तासन्‌तास बोलावे, हा त्याचा परिपाठ. त्याच्या मनाला त्या काळी दोन ओढी होत्या. एक हिमालयाची आणि दुसरी बंगालच्या क्रांतिकारकांची. अरविंद घोष बडोदे कॉलेज सोडून १९०६ साली बंगालकडे गेले होते. अशा गावातल्या मुलाला बाँबची आणि पिस्तुलाची वाट खुणावावी यात नवल नाही. घर सोडण्यापूर्वी त्याने आपली प्रशस्तिपत्रे आईच्या डोळ्यांदेखत चुलीत घातली. काशीला तो गेला तोही हिमालय आणि बंगाल या दोन्ही वाटांवरचे गाव म्हणून. तेथे त्याला गांधीजींच्या भाषणाचा वृत्तान्त वाचावयास मिळाला. पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ रोजी तो अहमदाबादेजवळच्या कोचरब आश्रमात दाखल झाला. हिमालयाची शांती आणि बंगालची क्रांती या दोन्ही गोष्टी आपल्याला त्या एकाच माणसापाशी मिळाल्या, असे विनोबा पुढे सांगत.

मधली पस्तीस वर्षे आपण भराभर ओलांडू. १९२१ साली विनोबा वर्ध्याच्या आश्रमाचे प्रमुख झाले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली, ती साने गुरुजींनी टिपून घेतली. आईला समजेल अशा सोप्या मराठीत गीता आणण्याची तिची इच्छा त्यांनी गीताईच्या रूपाने पुरी केली. ती पाहावयास आई मात्र उरली नव्हती. १९४० साली वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून गांधीजींनी त्यांची निवड केली. त्यानंतरच्या तुरुंगवासात वेल्लोर येथे त्यांनी तमिळ, तेलुगू, कानडी आणि मलयाळम्‌ या भाषांचा अभ्यास केला. याचे मोल मला विशेष वाटते. आमच्या घरची भाषा कोंकणी, शाळेतली मराठी आणि बाजारातली गुजराती. समोरच्याच्या भाषेत दोन शब्द उच्चारले की त्याचा चेहरा कसा उघडतो, हे येथे रोज दिसते. तुरुंगात बसून, ज्यांची गाठ कधी पडेल हे ठाऊक नाही अशा माणसांच्या भाषा शिकणे, हीदेखील एक प्रकारची भेटीची तयारीच होय.

ती भेट १९५१ साली घडली. तेलंगणात १९४६ पासून जमीनदार आणि शेतकरी यांच्यात सशस्त्र झगडा चालला होता. शेतकऱ्यांचे पुढारीपण कम्युनिस्टांकडे होते. जमीनदार मारले गेले, कित्येक शहरात पळाले. दुसऱ्या बाजूने आधी निजामाचे रझाकार आणि १९४८ नंतर सरकारी फौज व पोलीस यांनी गावेच्या गावे पिंजून काढली. रात्री एकांचे भय, दिवसा दुसऱ्यांचे. या स्थितीत विनोबा वर्ध्याहून पायी चालत हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनास आले आणि परतताना त्यांनी मुद्दाम तेलंगणाचीच वाट धरली.

निघण्यापूर्वी, रामनवमीच्या दिवशी, ते हैदराबादच्या तुरुंगात जाऊन कम्युनिस्ट कैद्यांना भेटले. ज्यांना सरकार शत्रू समजत होते त्यांचे म्हणणे त्यांनी प्रथम त्यांच्याच तोंडून ऐकले. गरिबांविषयीची त्यांची कळकळ खरी आहे, हे त्यांनी उघडपणे मान्य केले; मतभेद होता तो हिंसेच्या मार्गापुरता. वाघांचा बंदोबस्त शिकारी करू शकतात, पण विचाराचा बंदोबस्त पोलिसांच्या हातून होत नाही, त्याला दुसरा विचारच द्यावा लागतो, असे त्यांचे मत होते. हे मत दोन्ही बाजूंना गैरसोयीचे होते, हे ध्यानी घ्यावे.

१८ एप्रिल १९५१ रोजी ते तेव्हाच्या नलगोंडा जिल्ह्यातील पोचमपल्ली या गावी आले. तेथील सुमारे ४० दलित कुटुंबे त्यांना भेटली. तुम्हांला काय हवे, असे विनोबांनी विचारले. जमीन हवी, असे उत्तर आले. किती, तर ८० एकर. विनोबांच्या मनात प्रथम सरकारकडे अर्ज करण्याचाच विचार आला. परंतु सरकारकडून मिळण्यास विलंब होईल. गावातलेच कोणी काही देऊ शकेल काय, असे त्यांनी जमलेल्या मंडळींना सहज विचारले. तेव्हा वेदिरे रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार उठले आणि त्यांनी १०० एकर देऊ केले. मागितले त्याहून २० एकर अधिक! त्या रात्री विनोबांना झोप आली नाही. हा योगायोग समजावा, की माणसाच्या अंतःकरणाची खूण, याचा ते विचार करीत राहिले, आणि दुसऱ्या दिवसापासून गावोगाव जमीन मागू लागले. तुम्हांला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा, अशी त्यांची मागणी असे. तेलंगणातील त्या एका फेरीत सुमारे १२ हजार एकर जमीन मिळाली.

आता जमीनदार हे साधू नव्हते, आणि विनोबांनाही ते पुरते ठाऊक होते. पण त्यांची एक उपमा होती. घराला चार भिंती असतात आणि एक दार असते. आत जावयाचे तर दार शोधावे. भिंतीवर डोके आपटले तर डोकेच फुटते. माणसाचे दोष या भिंती, आणि गुण हे दार. लोभी श्रीमंताजवळही एखादे दार असतेच. मरण पावलेल्या बापाची आठवण हेही दार होते, कारण रामचंद्र रेड्डींनी दिलेल्या दानामागे वडिलांची इच्छा होती. सत्याग्रहाविषयीही विनोबांचे म्हणणे असे, की सौम्य उपायाला यश आले नाही तर उपाय अधिक तीव्र न करता अधिक सौम्य करावा. हे पुष्कळांना पटत नसे. मलाही ते प्रत्येक वेळी पटते असे नाही.

ही परीक्षा त्यांना स्वतःच्या अंगावर द्यावी लागली. सप्टेंबर १९५३ मध्ये तेव्हाच्या बिहारमधील देवघर येथे दलितांना घेऊन वैद्यनाथाच्या दर्शनास ते गेले असता पंड्यांनी त्यांना मारहाण केली. कानाला मार बसला आणि ऐकणे मंदावले. मारणाऱ्यांना शिक्षा होऊ नये, अशी इच्छा त्यांनी प्रकट केली. पुढे केरळात गुरुवायूरच्या देवळात बरोबरच्या ख्रिस्ती सहकाऱ्यांना मज्जाव झाला, तेव्हा विनोबा भांडले नाहीत, आत न जाता मागे फिरले. १९५८ साली मात्र पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचे दार सर्व धर्मांच्या सहकाऱ्यांसह त्यांच्यासाठी उघडले गेले.

म्हैसूरजवळ येलवाल येथे सप्टेंबर १९५७ मध्ये ग्रामदानासंबंधी परिषद भरली. तीत पंतप्रधान नेहरू होते, तसेच केरळचे कम्युनिस्ट मुख्यमंत्री नंबुद्रीपाद आणि जयप्रकाश नारायणही होते. एरवी परस्परांच्या विरोधात उभे राहणारे पक्ष गावाच्या जमिनीपुरते एका विनंतीवर एकमत झाले. १९६० साली चंबळच्या खोऱ्यात २० दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेविली. सप्टेंबर १९६२ मध्ये ते पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, पायी गेले आणि तेथेही जमीन मिळाली. १९६५ साली हिंदीच्या प्रश्नावरून मद्रास राज्यात रक्तपात झाला, तेव्हा त्यांनी उपवास आरंभिला. हिंसा नको, हिंदीची सक्ती नको आणि इंग्रजीचीही सक्ती नको, ही तीन सूत्रे मान्य झाल्यावरच त्यांनी तो सोडला. हिंदीचे कट्टर अभिमानी असलेले विनोबा येथे हिंदीची बाजू मांडत बसले नाहीत.

भूदानाचे फळ मात्र अपुरे राहिले. देशभरातून चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन मिळाली खरी, पण तीत खडकाळ होती, वादातली होती, आणि तिचा मोठा हिस्सा गरिबांच्या हाती पोहोचलाच नाही. शब्द देणाऱ्यांपैकी कित्येकांनी तो पाळला नाही.

त्याहून दुःखाची गोष्ट पुढची. १९७४ साली जयप्रकाशांनी बिहारमध्ये आंदोलन उभारले आणि त्यावरून सर्वोदयाच्या कार्यकर्त्यांतच फूट पडली. वर्षानुवर्षे दोघांनी एकत्र काम केले, पण ही दरी विनोबांना बुजविता आली नाही. आणीबाणी आली तेव्हा विनोबांचे वर्षभराचे मौन चालू होते. त्यांनी महाभारताच्या एका पर्वाकडे बोट दाखवून लिहिलेले दोन शब्द सरकारने आपल्या पाठिंब्यासाठी वापरले आणि जयप्रकाश तुरुंगात असताना अनेकांची मने दुखावली. जानेवारी १९७६ मध्ये पवनारला विनोबांच्या पुढाकाराने आचार्यांचे संमेलन झाले आणि त्याने देशाची घडी पूर्ववत करण्याचा सल्ला दिला; तो सरकारला रुचला नाही. तोवर उशीर झाला होता. ज्याने सर्वांचे ऐकून घेतले, त्याचे दोन शब्द त्याला हवे तसे ऐकले गेले नाहीत.

१९८२ च्या नोव्हेंबरात आजारपणात विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध सोडले आणि १५ नोव्हेंबर रोजी, दिवाळीच्या दिवसांत, पवनारला देह ठेविला. धाम नदीच्या काठच्या त्या आश्रमात जमीन खणताना त्यांना फार पूर्वी एक प्राचीन शिल्प सापडले होते. त्यात वनवासातून परतलेला राम आणि भरत एकमेकांना भेटत आहेत. ते त्यांनी तेथेच स्थापन केले.