विश्लेषण : समुद्रात मोकळा श्वास देणारे झाक कुस्तो कोण होते? स्कूबाचे साहित्य प्रत्येक वेळी धुवावे का लागते?

तारकर्ली, मालवणपासून अंदमानपर्यंत आज हजारो पर्यटक स्कूबा डायव्हिंगचा आनंद घेतात. पाठीवर सिलिंडर आणि तोंडात रेग्युलेटर घेऊन पाण्याखाली जाण्याची ही पद्धत जगभर रुजली ती फ्रेंच नौदल अधिकारी झाक-इव्ह कुस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांच्या १९४३ मधील शोधामुळे. बुडी मारून आल्यावर साहित्य गोड्या पाण्याने धुण्याच्या शिस्तीचे मूळही याच यंत्राच्या रचनेत आहे.

कुस्तो समुद्राकडे कसे वळले?

कुस्तो यांचा जन्म ११ जून १९१० रोजी फ्रान्समधील बोर्दोजवळच्या सेंत-आंद्रे-द-क्युब्झाक या गावी झाला. १९३० मध्ये ते नौदलाच्या प्रशिक्षण संस्थेत दाखल झाले. त्यांना व्हायचे होते वैमानिक. मात्र १९३६ मध्ये मोटार अपघातात दोन्ही हात जायबंदी झाले आणि ते स्वप्न संपले. हातात पुन्हा बळ यावे म्हणून ते तुलाँ येथे समुद्रात पोहू लागले. नौदलातील सहकारी फिलिप तायेझ यांनी त्यांना पाण्यात वापरायचा चष्मा दिला. तो लावून पाण्याखाली पाहिल्यावर त्यांच्या आयुष्याची दिशाच बदलली.

ॲक्वालंगचा शोध कसा लागला?

त्या काळी पाणबुडे जड शिरस्त्राण घालत आणि बोटीवरून येणाऱ्या नळीतून हवा घेत. मोकळेपणाने पोहता यावे म्हणून कुस्तो यांनी १९३९ मध्ये शुद्ध ऑक्सिजनवर चालणारे साधन वापरून पाहिले. ठरावीक खोलीनंतर शुद्ध ऑक्सिजन विषारी ठरतो. दोन चाचण्यांत त्यांना झटके आले आणि दोन्ही वेळा ते थोडक्यात वाचले.

डिसेंबर १९४२ मध्ये, जर्मनव्याप्त पॅरिसमध्ये त्यांची गान्यां यांच्याशी भेट झाली. गान्यां ‘एअर लिक्विड’ या कंपनीत होते. कुस्तो यांचे सासरेही याच कंपनीत होते. युद्धामुळे पेट्रोलची टंचाई असल्याने मोटारी गॅसवर चालवण्यासाठी गान्यां एक झडप तयार करत होते. इंजिनाला लागेल तेवढाच गॅस सोडणारी ही झडप माणसाला लागेल तेवढीच हवा देऊ शकेल, ही कल्पना पुढे आली.

जानेवारी १९४३ मध्ये मार्न नदीत पहिली चाचणी झाली. आडवे पोहताना यंत्र नीट चालले. पण उभे राहताच हवा वाया जाऊ लागली आणि डोके खाली करताच श्वास घेणे जड जाऊ लागले. हवा आत सोडणारी आणि उच्छ्वास बाहेर टाकणारी झडप वेगवेगळ्या उंचीवर येत असल्याने पाण्याच्या दाबात फरक पडत होता. दोन्ही झडपा एकाच पातळीवर आणताच अडचण सुटली. जूनमध्ये भूमध्य समुद्रात यशस्वी बुडी झाली. हेच ॲक्वालंग, म्हणजे पाण्यातले फुप्फुस.

खारे पाणी या यंत्राचा शत्रू का?

रेग्युलेटर सिलिंडरमधील प्रचंड दाबाची हवा आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाइतकी करून देतो. हे काम लवचीक पडदा, स्प्रिंग आणि छोटी झडप करते. खारे पाणी वाळले की मिठाचे कण या भागांवर बसतात. मग झडप नीट मिटत नाही आणि हवा वाहून जाते किंवा ती अडखळते आणि श्वास घेणे कष्टाचे होते. धातू गंजतो, रबर लवकर खराब होते. पाण्याखाली हा बिघाड जिवावर बेतू शकतो.

कीर्तीबरोबर वाद कोणते?

यंत्र चांगले असले तरी त्याला मर्यादा होत्या. १९४७ मध्ये सहकारी मोरिस फार्ग यांचा सुमारे १२० मीटर खोलीवर गेल्यावर मृत्यू झाला. १९५० मध्ये कुस्तो यांना जुनी सुरुंगशोधक नौका नाममात्र भाड्याने मिळाली. तिला त्यांनी संशोधन नौका बनवले. हीच ‘कॅलिप्सो’. ‘द सायलेंट वर्ल्ड’ या माहितीपटाला १९५६ मध्ये कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार आणि पुढे ऑस्कर मिळाले. मात्र याच चित्रपटात मासे मोजण्यासाठी केलेला सुरुंगस्फोट आणि शार्कची हत्याही दिसते. त्यावर नंतर टीका झाली.

कुस्तो पुढे बदलले. १९६० मध्ये भूमध्य समुद्रात किरणोत्सारी कचरा टाकण्याच्या योजनेला त्यांनी विरोध केला. १९७३ मध्ये समुद्ररक्षणासाठी ‘कुस्तो सोसायटी’ स्थापन केली. अंटार्क्टिकातील खाणकामाविरोधातही ते उभे राहिले. १९७९ मध्ये मुलगा फिलिप विमान अपघातात गेला. जानेवारी १९९६ मध्ये ‘कॅलिप्सो’ सिंगापूरच्या बंदरात धडकेने बुडाली. २५ जून १९९७ रोजी कुस्तो यांचे निधन झाले.

साहित्य कसे धुवावे, कसे वाळवावे?

मीठ वाळण्याआधीच साहित्य गोड्या पाण्यात भिजवावे. रेग्युलेटरच्या सिलिंडरला जोडायच्या तोंडावरचे झाकण कोरडे करून घट्ट बसवावे आणि मगच तो पाण्यात सोडावा. सिलिंडर जोडलेला नसताना भिजवत असाल तर तोंडाजवळचे बटण दाबू नये. दाबल्यास झडप उघडून पाणी नळीत शिरते. हवा भरायच्या जॅकेटमध्ये गोडे पाणी ओतून हलवावे, ते पूर्ण काढून टाकावे आणि थोडी हवा भरून जॅकेट वाळवावे. पोहण्याचा सूट आतून-बाहेरून धुवून रुंद हँगरवर सावलीत टांगावा. कडक उन्हाने रबर चिरते. सिलिंडर कधीही पूर्ण रिकामा करू नये, आत ओल शिरते.

पूर्ण वाळवण्यामागे आणखी एक कारण आहे. ओल्या साहित्यातून सूक्ष्म जीव आणि वनस्पतींचे तुकडे एका जलाशयातून दुसऱ्यात जातात. तिथे त्यांना नैसर्गिक शत्रू नसेल तर ते स्थानिक जीवांना हुसकावतात. त्यामुळे नदी, तलाव किंवा खाडीत बुडी मारणाऱ्यांनीही साहित्य धुवून, कोरडे करूनच पुढच्या ठिकाणी न्यावे.