नोकरी गेली, सुगरण भेटली

आपल्या कर्जत-श्रीगोंद्याच्या माळरानावरचा माळढोक भारताचा राष्ट्रीय पक्षी व्हावा, असं कुणाला वाटत होतं माहितीये? डॉ. सलीम अलींना!

जन्म १८९६, मुंबई. आई-वडील लहानपणीच गेले, मामांनी वाढवलं. एकदा छऱ्याच्या बंदुकीनं चिमणी मारली, तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग! ही कुठली, हे विचारायला पोरगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि पक्ष्यांचाच झाला.

पण करिअर? मोठी डिग्री नव्हती. जर्मनीत पक्षिशास्त्र शिकून १९३० मध्ये परतले, तर संग्रहालयातली नोकरीच गेलेली. तुम्ही काय केलं असतं? ते पत्नी तहमिनांसोबत अलिबागजवळ किहीमला गेले आणि घराजवळच्या सुगरणींची घरटी महिनोन्‌महिने बघत बसले. पगार कुणी देत नव्हतं. नाव झालं ते याच अभ्यासानं.

१९६३ मध्ये राष्ट्रीय पक्ष्याचा मान मोराला मिळाला. १९८७ मध्ये सलीम अली गेले. आज आपल्या माळावर माळढोक दिसला, तर त्याची बातमी होते.

म्हणून या रविवारी माळावर जाच. दुर्बीण नसली तरी चालेल. एक पक्षी नीट बघा आणि त्याचं नाव विचारा. त्यांनीही सुरुवात तिथूनच केली होती.