विश्लेषण : एका आलेखात दोन रेषा, पण पट्टी कोणाची? आलेखांचे जनक विल्यम प्लेफेअर यांचाच आलेख का फसला?

एक्सेल, मॅटलॅब किंवा पायथनमध्ये दुसरा अक्ष जोडून दोन रेषा एकत्र काढल्या, की सॉफ्टवेअर प्रत्येक रेषेला तिच्या आकड्यांना साजेशी वेगळी पट्टी देते. मग ५ रुपयांची वाढ आणि ५०० रुपयांची वाढ मोबाइलच्या पडद्यावर सारख्याच उंचीची दिसू शकते. हा घोळ संगणकाने आणलेला नाही. रेषालेख, स्तंभालेख आणि ‘पाय चार्ट’ जगाला देणारे विल्यम प्लेफेअर स्वतःही त्यात अडकले होते.

कोण होते प्लेफेअर?

२२ सप्टेंबर १७५९ रोजी स्कॉटलंडमधील डंडीजवळच्या लिफ गावी त्यांचा जन्म झाला. वडील पाद्री होते. १७७२ मध्ये ते वारले आणि थोरले बंधू जॉन यांच्यावर घर आले. पुढे गणितज्ञ म्हणून नाव कमावलेल्या जॉन यांनी धाकट्या भावाला रोजचे तापमान नोंदवून त्याची रेषा काढायला लावले. तेच वळण पुढे कामी आले. १७७७ मध्ये विल्यम बर्मिंगहॅमला जेम्स वॅट यांच्याकडे ड्राफ्ट्समन म्हणून लागले. वाफेच्या इंजिनांची मापात आरेखने काढणे हे त्यांचे काम. नोकरी सोडून चांदीच्या वस्तूंचा धंदा काढला, तो बुडाला.

पहिल्या आलेखात काय जमले?

१७८६ मध्ये त्यांचा ‘कमर्शियल अँड पॉलिटिकल अॅटलास’ आला. नाव अॅटलास, पण आत एकही नकाशा नाही; होते ते ४४ आलेख. सोबत मूळ आकडेही छापावेत, असा सल्ला वॅट यांनी दिला होता. त्यातला डेन्मार्क-नॉर्वेशी इंग्लंडच्या व्यापाराचा आलेख आजही दाखवला जातो. १७०० ते १७८० या काळातील आयातीची एक रेषा, निर्यातीची दुसरी. दोन्ही पौंडांत आणि एकाच पट्टीवर. त्यामुळे रेषांमधले अंतर म्हणजेच व्यापारातील तूट किंवा नफा. १७५० च्या दशकात रेषा एकमेकींना छेदतात, तिथे निर्यात खरोखरच आयातीच्या पुढे गेलेली असते.

मग बिघडले कुठे?

मधल्या काळात प्लेफेअर पॅरिसला गेले. अमेरिकेतील जमीन फ्रेंचांना विकण्याच्या एका योजनेत त्यांचे नाव खराब झाले. लंडनला परतून काढलेली बँक १७९७ मध्ये कोसळली आणि कर्जापायी तुरुंगही पाहावा लागला. विश्वासार्हता संपलेल्या या माणसाने १८०१ मध्ये ‘स्टॅटिस्टिकल ब्रेव्हियरी’ काढले. युरोपातील देशांसोबत हिंदुस्थानातील सत्तांचाही आढावा त्यात होता. तेव्हा पुण्यात दुसरा बाजीराव पेशवा होता.

यात प्रत्येक देशाचे क्षेत्रफळ दाखवणारे वर्तुळ आहे. त्याच्या डाव्या कडेला लोकसंख्येची उभी रेषा, उजव्या कडेला कराची, आणि दोन्हींची टोके जोडणारी तिरपी रेषा. ती कराच्या बाजूला चढली, तर जनतेवर कराचा बोजा जास्त. ब्रिटनची रेषा तशी चढते. पण डावीकडे आहेत दशलक्ष माणसे आणि उजवीकडे दशलक्ष पौंड. म्हणजे रेषा इतकेच सांगते, की दरडोई कर एक पौंडाहून जास्त आहे की कमी. कर शिलिंगमध्ये मोजला असता, तर उजवी बाजू २० पट उंच झाली असती. शिवाय वर्तुळ जितके मोठे, तितका रेषेचा चढ सौम्य. रशियासारख्या अवाढव्य देशावर यात अन्याय होतो तो असा.

शेवटचा आलेख काय लपवतो?

१८२१ मध्ये साठी ओलांडलेल्या प्लेफेअर यांनी शेतीच्या दुरवस्थेवर पुस्तिका लिहिली. गहू महागल्याची ओरड फसवी आहे. मजुरीच्या तुलनेत तो कधी नव्हे इतका स्वस्त आहे, असे त्यांचे म्हणणे. पुराव्यासाठी १५६५ पासूनचा आलेख दिला. एका क्वार्टर गव्हाची, म्हणजे सुमारे २१८ किलोंची, किंमत स्तंभांत आणि कारागिराची आठवड्याची मजुरी रेषेत. दोन्ही शिलिंगमध्ये, पट्टी एकच.

१७८६ ची युक्ती इथे उलटली. १५६५ मध्ये गहू सुमारे ४१ शिलिंग आणि मजुरी ५. १८१० मध्ये गहू ९९, मजुरी ३०. गहू अडीच पटही वाढला नाही, मजुरी सहा पट झाली. सव्वाआठ आठवड्यांच्या कमाईचे धान्य साडेतीन आठवड्यांच्या आत येऊ लागले. पण चित्रात गव्हाचे स्तंभ ५८ शिलिंगने वर जातात आणि मजुरी तळाशी २५ शिलिंगने सरकते. वाचकाला दिसते ती महागाईच. किंमत भागिले मजुरी अशी एकच रेषा काढली असती, तर मुद्दा पोहोचला असता. त्यांनी ती काढली नाही.

११ फेब्रुवारी १८२३ रोजी लंडनमध्ये, गरिबीतच, त्यांचे निधन झाले. ४० वर्षांनी, १८६३ मध्ये, अर्थतज्ज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी किमतींसाठी लॉगॅरिदमिक पट्टी वापरली. तिच्यावर ५ चे १० होणे आणि ५० चे १०० होणे यांना सारखीच उंची मिळते. प्लेफेअर यांचे गव्हाचे आकडे त्या पट्टीवर मांडले, की मजुरीची रेषा गव्हाहून कितीतरी जास्त चढते.