मेकॅनिकलवाला होमी

मेकॅनिकलला अ‍ॅडमिशन झालीय, चाकणच्या एखाद्या कंपनीत प्लेसमेंट व्हावी असं घरच्यांना वाटतंय आणि तुमचं मन मात्र फिजिक्समध्ये अडकलंय? मग होमी भाभांची गोष्ट तुमच्यासाठीच आहे. अणुऊर्जावाले भाभा शाळेपासून आपल्याला माहीत असतात. पण त्याआधीचा, तुमच्याच वयाचा होमी जरा बघा.

३० ऑक्टोबर १९०९ ला मुंबईच्या एका पारशी घरात त्याचा जन्म झाला. वडील जहांगीर वकील, तर आत्या मेहेरबाई म्हणजे सर दोराबजी टाटांची पत्नी. त्यामुळे पोराचं करिअर घरात आधीच ठरलेलं. केंब्रिजला जायचं, मेकॅनिकल इंजिनीअर व्हायचं आणि परत येऊन जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात लागायचं. १९२७ मध्ये होमी केंब्रिजला दाखलही झाला.

पण वर्षभरातच त्याला कळलं, की ही आपली लाइन नाही. १९२८ मध्ये त्याने वडिलांना पत्र लिहून स्पष्ट सांगितलं, की मला फिजिक्सच करायचंय. वडिलांनी ना होकार दिला, ना नकार. त्यांनी अट घातली. आधी मेकॅनिकलमध्ये फर्स्ट क्लास आणायचा, मग पुढचा खर्च ते करणार. नावडत्या विषयाला होमीने दांडी मारली नाही. १९३० मध्ये त्याने फर्स्ट क्लास आणला. मग गणिताला बसला आणि १९३२ मध्ये तिथेही फर्स्ट क्लास! गणित शिकवायला होते पॉल डिरॅक.

आता टायमिंग बघा. त्याच १९३२ मध्ये केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधला आणि अमेरिकेत अँडरसन यांना पॉझिट्रॉन सापडला. पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचा उलट्या विद्युतभाराचा जुळा भाऊच. हे दोघे एकमेकांवर आदळले तर काय होईल? एकतर ते एकमेकांच्या प्रभावाने वळून वेगळ्या दिशेला जातील, नाहीतर दोघेही नष्ट होऊन नवी जोडी तयार होईल. या दोन्ही शक्यता एकत्र धरून भाभांनी १९३५ मध्ये गणित मांडलं. जगभरच्या पुस्तकांत त्याला आजही ‘भाभा स्कॅटरिंग’ म्हणतात. पुढे सर्नच्या ‘लेप’ कोलायडरमध्ये किती टकरी होतायत, हे मोजायला हेच गणित वापरलं गेलं. तेव्हा भाभा होते अवघे पंचविशीतले!

१९३९ मध्ये ते सुटीसाठी भारतात आले आणि महायुद्ध पेटलं. परत जाता येईना, म्हणून बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये ते वैश्विक किरणांवर काम करू लागले. युद्ध संपलं की केंब्रिजला परतणं सोपं होतं. पण मार्च १९४४ मध्ये त्यांनी टाटा ट्रस्टला पत्र लिहून भारतातच मूलभूत फिजिक्सची दमदार संस्था मागितली. तज्ज्ञ बाहेरून आणावे लागू नयेत, हा त्यामागचा विचार. १९४५ मध्ये टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, म्हणजे आपली टीआयएफआर, सुरू झाली. २४ जानेवारी १९६६ ला माँ ब्लाँ पर्वतावर झालेल्या विमान अपघातात भाभा गेले. वय फक्त ५६.

तुम्ही म्हणाल, त्याच्या घरी केंब्रिजची फी भरणारे वडील होते, आमचं काय? मुद्दा एकदम बरोबर आहे. होमीला फिजिक्ससाठी साता समुद्रापार जावं लागलं आणि ते त्याला परवडलंही. तुम्हाला तेवढं लांब जायची गरज उरलेली नाही, कारण त्याने ती संस्था इथे उभी केली. चाकणवरून नाशिक हायवेने सरळ पुढे जा. नारायणगावजवळ खोडदला प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेली जीएमआरटी दुर्बीण दिसेल. तिचा कारभार टीआयएफआरचंच पुण्यातलं केंद्र बघतं आणि इंजिनीअरिंगच्या पदवीवरही तिथे पीएचडीसाठी अर्ज करता येतो.

तेव्हा घरी बोलायचं असेल तर नुसतं रुसून बसू नका. होमीसारखं स्पष्ट सांगा, अट घालून घ्या आणि ती पूर्ण करून दाखवा. आणि हो, या सेमचे पेपर आधी नीट द्या!