‘प्रभात’च्या प्रवेशद्वारी उपोषणाला बसलेली नायिका

चित्रपटाचे वेड बहुधा शाळकरी वयातच लागते. आवडत्या नटनटींची छायाचित्रे जमवावीत, त्यांची गाणी पाठ करावीत, कोण सरस आणि कोण नीरस याचे निवाडे मित्रमंडळीत हिरिरीने द्यावेत आणि एक दिवस आपणही पडद्यावर झळकू असे स्वप्न मनाशी जपावे, हे सारे त्या वयाला शोभूनही दिसते. १९३०च्या दशकात पुण्यातल्या तरुण प्रेक्षकांच्या अशा चर्चांमध्ये एक नाव हटकून असे, ते शांता आपटे यांचे. लोकप्रियतेच्या शिखरावर असतानाच या बाईंनी चाहत्यांच्या मनातला प्रश्न हाती घेतला आणि त्याचे उत्तर पुस्तकरूपाने दिले. ते उत्तर सुखावणारे नव्हते. पण ते देण्याचा अधिकार त्यांनी मोठी किंमत मोजून मिळवला होता.

शांता आपटे यांचा जन्म सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीचा. वडील रेल्वेत स्टेशनमास्तर होते आणि त्यांना गाण्याची आवड होती. मुलीचा गळा ओळखून त्यांनी तिला लहानपणापासूनच उत्सवप्रसंगी गायला प्रोत्साहन दिले. पुढे पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात त्यांचे शास्त्रोक्त शिक्षण झाले. थोरले बंधू बाबूराव आपटे त्यांच्या कारकिर्दीवर कडक नजर ठेवून असत. १९३२ साली भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’ या बोलपटात त्या राधेच्या भूमिकेत पडद्यावर आल्या. पुण्याच्या सरस्वती सिनेटोनच्या या चित्रपटात कृष्ण झाले होते शाहू मोडक. राधा आणि कृष्ण, दोघेही कोवळ्या वयातले. मुंबईत या चित्रपटाने रौप्यमहोत्सव साजरा केला आणि किशोरवयीन कलावंतांच्या जोरावरही बोलपट चालू शकतो, हे व्यवसायाच्या ध्यानात आले.

१९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली. पुण्यातल्या पहिल्याच काळातल्या ‘अमृतमंथन’ (१९३४) या व्ही. शांताराम दिग्दर्शित चित्रपटाने शांताबाईंना ‘प्रभात’ची नायिका केले. त्यापाठोपाठ दुर्गा खोटे यांच्याबरोबरचा ‘अमरज्योती’ (१९३६) आणि ‘राजपूत रमणी’ (१९३६) हे चित्रपट आले. पुढे दामले-फत्तेलाल यांच्या ‘गोपालकृष्ण’मध्ये (१९३८) त्यांनी पुन्हा राधा साकारली. त्या काळी पडद्यावरचे गाणे म्हणजे कॅमेऱ्यासमोर स्थिर उभे राहून म्हटलेले पद असे. रंगभूमीवरून आलेली ही ठेवण शांताबाईंनी मोडली. त्या गाताना डोळ्यांनी बोलत, हातांनी भाव दाखवीत, चालता-बोलता गात. त्यामुळे गाणे कथेच्या ओघात मिसळून गेले. तरुण प्रेक्षकांना त्यांच्यात जो ताजेपणा जाणवला, त्याचे मर्म बऱ्याच अंशी यात होते.

या ताजेपणाला धार आणली ती १९३७ सालच्या ‘कुंकू’ने. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेला हा चित्रपट ‘दुनिया न माने’ या नावाने हिंदीतही निघाला. नीरा ही अनाथ तरुणी मामाच्या पैशाच्या हव्यासापायी वयाने कितीतरी मोठ्या असलेल्या काकासाहेबांच्या गळ्यात बांधली जाते. जरठ-कुमारी विवाह हा विषय मराठी रसिकांना नवा नव्हता. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत शारदा’ने १८९९ सालीच त्याला रंगभूमीवर आणले होते आणि १९२९च्या सारडा कायद्याने मुलींच्या विवाहासाठी चौदा वर्षांची किमान मर्यादाही घातली होती. परंतु नीरा आपली लढाई स्वतःच लढते. ती रडत बसत नाही, घर सोडून पळत नाही आणि हा संसार मात्र मान्य करीत नाही. केशवराव दाते यांनी साकारलेल्या काकासाहेबांची हतबलता आणि शांताबाईंनी साकारलेला नीरेचा ठाम नकार यांचा सामना आजही पाहणाऱ्याला खिळवून ठेवतो. चित्रपटात पार्श्वसंगीत नव्हते, घरातले आणि रस्त्यावरचे नैसर्गिक आवाज तेवढे होते. शांताबाईंनी त्यात लाँगफेलो या अमेरिकन कवीची कविता इंग्रजीत गायली. हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवापर्यंत पोहोचला. घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर मान वर करून न बोलणाऱ्या कितीतरी मुलींना नीरेत आपल्या मनातले बोलणारी कोणीतरी भेटली असेल.

मात्र पडद्यावरची नीरा आणि पडद्यामागची पगारदार नटी यांच्यात मोठे अंतर होते. ‘प्रभात’ ही शिस्तीबद्दल नावाजलेली संस्था होती. नट, गायक, सुतार, रंगारी असे सारे मासिक वेतनावर नोकरीला, ठरल्या वेळी हजर. एखाद्या कुटुंबासारखी ही व्यवस्था अनेकांना सुरक्षित वाटे आणि ‘प्रभात’च्या चित्रपटांचा दर्जाही तिच्यामुळेच टिकला. पण करारात बांधलेल्या कलावंताला बाहेर काम करण्याची मोकळीक नसे. त्यामुळे तक्रार असली तर मालकाची मर्जी किंवा घरची वाट एवढेच पर्याय उरत. रजा, हजेरी आणि कापलेला पगार यांवरून शांताबाईंचा कंपनीशी वाद पेटला. जुलै १९३९ मध्ये त्या ‘प्रभात’च्या प्रवेशद्वारापाशी उपोषणाला बसल्या.

ही घटना साधी नव्हती. उपोषण हे राजकीय लढ्याचे हत्यार म्हणून त्या वेळी देशाला परिचित होते. एका लोकप्रिय नटीने ते आपल्या वेतनाच्या हक्कासाठी उचलावे, हे अनेकांच्या पचनी पडले नाही. सुखवस्तू नटीला कसले आले आहे उपोषण, असा एक सूर निघणे स्वाभाविकच होते. वृत्तपत्रांनी आणि चित्रपटविषयक नियतकालिकांनी त्याची चर्चा केली. उपोषण अल्पकाळातच सुटले आणि शांताबाईंचे ‘प्रभात’शी असलेले नातेही तुटले. कराराच्या काचाविरुद्ध उभ्या राहिलेल्या त्या जगातल्या एकट्याच नव्हत्या. हॉलिवूडमध्ये बेटी डेव्हिसने १९३६ साली वॉर्नर ब्रदर्सशी असेच भांडण मांडले होते आणि लंडनच्या न्यायालयात ती हरली होती. तिच्या मागे निदान वकील होते. पुण्यातल्या नायिकेपाशी स्वतःच्या देहाखेरीज दुसरे साधन नव्हते.

पुढच्याच वर्षी, १९४० मध्ये, शांताबाईंचे ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. शीर्षकातला प्रश्न सिनेमाने झपाटलेल्या तरुण मुलामुलींचा होता. कुलीन घरातल्या मुलींनी सिनेमात जावे की नाही, यावर त्या काळी नीतीच्या अंगाने पुष्कळ लिहिले जाई. शांताबाईंनी चर्चेची दिशा बदलली. त्यांनी नटाला कामगार मानले आणि स्टुडिओकडे कारखाना म्हणून पाहिले. दिव्यांच्या उष्णतेत होणारी झीज, थकवा, आरोग्याची हेळसांड, भांडवल गुंतवणाऱ्याचा वरचष्मा आणि कष्ट करणाऱ्याचे परावलंबन हे त्यांच्या मांडणीचे विषय होते. चित्रपटाच्या झगमगाटामागे माणसांचे श्रम असतात आणि त्या श्रमांचा हिशेब कोणीतरी मांडला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. भारतीय चित्रपटसृष्टीत एका नामवंत अभिनेत्रीने इतक्या लवकर आपल्या व्यवसायाची अशी चिकित्सा करावी, ही गोष्ट फार विरळा. गेल्या काही वर्षांत अभ्यासकांनी या पुस्तकाकडे पुन्हा लक्ष वेधले आहे.

‘प्रभात’ सोडल्यानंतर शांताबाईंनी भाषेची आणि प्रांताची बंधने मानली नाहीत. तमिळ शिकून त्यांनी १९४१ साली ‘सावित्री’ या तमिळ चित्रपटात नायिका साकारली. त्यात नारदाच्या भूमिकेत एम. एस. सुब्बुलक्ष्मी होत्या. लाहोरच्या ‘जमीनदार’ (१९४२) या चित्रपटात त्यांनी काम केले, तर ‘दुहाई’त (१९४३) नूरजहाँबरोबर त्या दिसल्या. ‘स्वयंसिद्धा’ (१९४९) हा त्यांच्या उत्तरकाळातला महत्त्वाचा चित्रपट. तरीही ‘कुंकू’ने दिलेली उंची त्यांना पुन्हा गाठता आली नाही. पार्श्वगायनाची पद्धत रुजत गेली तशी गाणाऱ्या नटीची गरजही ओसरली. १९५०च्या दशकात त्यांच्या वाट्याला दुय्यम पौराणिक चित्रपटही आले. २४ फेब्रुवारी १९६४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्याच फेब्रुवारीत पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली, हा केवळ योगायोग. पण शांताबाईंच्या पिढीचे काम जपण्याची निकड त्या संस्थेमुळे प्रथमच मान्य झाली. ‘प्रभात’चा स्टुडिओ तोवर इतिहासजमा झाला होता. त्या जागेत १९६० पासून चित्रपटविद्येचे शिक्षण देणारी फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे. २०१५ साली तिथल्या विद्यार्थ्यांनी १३९ दिवस संप केला, त्यातल्या काहींनी उपोषणही केले. त्यांचे प्रश्न वेगळे होते. तरी सिनेमाच्या या आवारात आपले म्हणणे उपाशी राहून मांडणाऱ्यांत शांताबाई त्यांच्या आधी होऊन गेल्या होत्या.

‘प्रभात’मधल्या शांताबाईंच्या भूमिका आज सहज पाहता येतात आणि गाणीही ऐकता येतात. चित्रपटांवर प्रेम करणाऱ्या नव्या पिढीने त्यांच्याविषयी आपले मत जरूर बनवावे, आवडीनिवडीही खुशाल सांगाव्यात. फक्त मत बनवताना पडद्यावरच्या चेहऱ्याला किती तास उभे राहावे लागले आणि त्याबद्दल त्याच्या हाती काय पडले, एवढे विचारण्याची सवय ठेवावी. शांता आपटे यांनी आपल्या चाहत्यांकडून याहून अधिक काही मागितले नव्हते.