डॉ. कमलाबाई सोहोनी

इ. स. १९३३ सालीं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या दारांत एक मराठी मुलगी येऊन उभी राहिली. मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेंत ती पहिली आली होती. तरी केवळ स्त्री म्हणून संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं तिला प्रवेश नाकारला. तिचे वडील नारायणराव भागवत व चुलते माधवराव हे दोघेही त्याच संस्थेंत रसायनशास्त्र शिकलेले. दुर्गाबाई भागवत या विदुषीची ही धाकटी बहीण. घरांत विद्या होती, तसा मानीपणाही होता. कमलाबाई मुकाट्यानें परतल्या नाहींत. त्यांनीं सत्याग्रहाचा मार्ग धरला.

अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलें वर्ष उमेदवारीचें, आणि त्यांच्या असण्यानें पुरुष संशोधकांचें चित्त विचलित होतां कामा नये! अटी पाळून त्यांनीं काम केलें. हा अपमान मात्र त्या उतारवयांतही विसरल्या नाहींत, आणि त्यांत आम्हांस कांहीं वावगें वाटत नाहीं. वर्षाअखेर रामन यांचें समाधान झालें व पुढें इतर मुलींनाही तें दार उघडलें.

तेथें श्रीनिवासय्या या गुरूंच्या हाताखालीं त्यांनीं दूध व कडधान्यें यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. १९३६ मध्यें एम. एस्सी. झाल्यावर त्या केंब्रिज येथें गेल्या. बटाट्यावर प्रयोग करतां करतां त्यांस 'सायटोक्रोम सी' हें द्रव्य आढळलें. आपणांप्रमाणें वनस्पतीही श्वसन करते. तिची प्रत्येक पेशी प्राणवायूच्या साहाय्यानें अन्नांतील शक्ति मोकळी करते, आणि त्या क्रियेंत हें द्रव्य विद्युत्कणांची ने-आण करतें. प्राण्यांच्या पेशींतील हें द्रव्य वनस्पतींतही असतें, हें त्यांनीं दाखविलें. प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा! त्यावर १९३९ मध्यें त्यांस पीएच्. डी. मिळाली.

त्याच वर्षीं त्या स्वदेशीं परतल्या. दिल्ली, कुन्नूर येथें काम करून, १९४७ मध्यें माधवराव सोहोनी यांच्याशीं विवाह झाल्यावर त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेंत आल्या. येथें त्यांची दृष्टि गरिबाच्या ताटाकडे वळली. वालासारख्या कडधान्यांत प्रथिनांच्या पचनास अडथळा करणारीं द्रव्यें असतात, तीं त्यांनीं व त्यांच्या विद्यार्थ्यांनीं वेगळीं काढून तपासलीं. डाळ-उसळ नीट शिजवावी असा आपल्या आया-आज्यांचा जो आग्रह, त्यामागील एक कारण येथें सांपडतें. कळण्याची भाकरी खाणाऱ्या आम्हां खानदेशी मंडळींस हें ऐकून मौज वाटेल. राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनीं नीरेचाही अभ्यास केला. कुपोषित आदिवासी मुलांस व गर्भवती स्त्रियांस ती पोषक ठरते, असें दिसून आलें, व या कार्याबद्दल त्यांस राष्ट्रपति-पारितोषिक मिळालें.

संस्थेचें संचालकपद मात्र त्यांच्या हातीं फार उशिरां आलें. निवृत्तीनंतर त्या अन्नांतील भेसळीविरुद्ध ग्राहकांच्या बाजूनें झटत राहिल्या. १९९८ मध्यें दिल्लीस वैद्यकीय संशोधन परिषदेनें त्यांचा सत्कार योजिला. त्या समारंभांतच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळांत त्यांचें देहावसान झालें.